आमच्या घराची दवंडी

५ जानेवारी १९८६, आलापल्ली

आज आमच्या घराच्या लिलावाची दवंडी झाली. जमीन फाटावी आन् आपण आत जावं असं वाटलं. पण चुलीवर भात होता, तो कोण उतरवणार? म्हणून राह्यली.

नथ्थू डफडं वाजवत आला. गावभर त्याचा आवाज कसा मोकळा सुटते, पण आमच्या दारापुढं आला आन् असा पुटपुटला का मलेच म्हणा लागलं, "अगा नथ्थूभाऊ, मोठ्यानं बोल ना! साऱ्या गावाले सांगून आला, आता माझ्यापासून काऊन लपवतं?" बिचाऱ्यानं मान खाली घातली. "माफ करजो बाई, बँकेचा हुकूम हाय." मग बोलला. श्रीहरीचं राहतं घर, बँकेच्या थकलेल्या कर्जापायी, सत्तावीस फेब्रुवारीले दारातच लिलावात निघणार. ज्याले बोली लावाची त्यानं हजर राहावं.

ही डायरी मागच्या साली एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं माझ्या हातच्या जेवणावर खूश होऊन दिली होती. तारखा जुन्या हायेत, त्या खोडून मी माझ्या लिहीन. मी रुखमा, सातवी पास. लेक सासरी गेली, घरात आता मी, सासू बायनाबाई आन् हे. ह्यांचं नाव तोंडानं घेत नाई, पण डायरीत लिहाले कोणाच्या बापाचं काय जाते? श्रीहरी, श्रीहरी, श्रीहरी. लिहिलं.

कर्ज कसं झालं तेही लिहून ठेवते, नाईतर लोक म्हणतील चैनीत उडवलं. माझी खानावळ घराच्याच सपरीत, पुढच्या ओसरीत. समोर एसटी थांबे, गिऱ्हाईक उतरलं का सरळ पाटावर. म्हणून घर गहाण टाकून कर्ज काढलं, मागं टिनाचं शेड घातलं, सैपाकाचे मोठाले गंज आणले. आन् दुसऱ्याच साली स्टँड गेला गावाच्या त्या टोकाले! त्यात श्रीहरी जंगलखात्याच्या लाकूड डेपोत हमाली करे, त्याच्या पायावर सागाचा लठ्ठा, आख्खा ओंडका घसरला. त्या दिवसापासून तो कुबडीवर, आन् हप्ते बंद. बँकेची पत्रं येत गेली. मी ती पिठाच्या डब्यामागं सारून ठेवली. न वाचलं तर कर्ज नसते असं काही तरी डोक्यात होतं. मूर्ख बाई.

८ जानेवारी

बुद्धाच्या घरात देवाचं नाव घेऊ नये, पण आज देवमाणूसच आला म्हणा लागते. नाव गुणवंतराव. चंद्रपुराकडचे. पांढरे कपडे, खिशाले पेन, बोलणं असं का जणू रेडिओ लागला. मले ताई म्हणतात.

"ताई, लिलाव म्हणजे चारचौघांत अब्रू जाणं. त्यापेक्षा घर आधीच मला विकून टाका. बँकेचं मी बघतो. तुम्ही कुठे जाऊ नका, इथेच राहा, थोडं भाडं देत जा. माणुसकी म्हणून करतो आहे."

आन् किती सभ्य! परक्या बाईकडं नजर टाकत नाई. बोलून राह्यले होते माझ्याशी, पण डोळे सारे वर, छपराच्या फाट्यांकडं, मधल्या मयालीच्या लाकडाकडं. ते गेल्यावर श्रीहरी म्हणे, "हा मानूस वरतंच काऊन पाह्यते?"

मी म्हटलं, "त्याले लाज हाय म्हणून. तुमच्यावानी जमिनीत डोळे गाडून नाई बसत तो."

श्रीहरी म्हणे, "बँकेत जाऊन पाह्य एक बार." पण गुणवंतरावांनी सांगतलं हाय का बँकेत पाय ठेवू नका, तिथी गेलं का कशावरही सह्या घेतात. शिकलेल्या माणसाचं ऐकावं का कुबडीवाल्याचं?

१४ जानेवारी

संक्रांत. गुणवंतराव आले. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून सासूची रंगी कापली. सासू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाई. कोंबडीच होती, सोन्याचं अंडं देत नव्हती.

पण त्या माणसाची आस्था पाहा. जेवून उठले आन् एकएक खांब बोटाच्या पेरानं ठोकला. टक्, टक्. मग खांबाले कान लावला आन् हसले. "वाळवी बघत होतो ताई. घर ठणठणीत आहे!" माझ्या सख्ख्या भावानं कधी या घराची एवढी काळजी केली नाई. मले भरून आलं. रस्सा पुन्हा वाढला.

पंचवीस तारखेले स्टॅम्पपेपर घेऊन येणार हायेत. सुटली मी.

१७ जानेवारी

सुटली म्हटलं, पण जेवण जात नाई. झोपेतून उठली का पहिले खांबाले हात लावते.

श्रीहरीचं काय चाललं हाय कळत नाई. घरी पाणी भराले पाय दुखते, आन् कुबडी टेकत टेकत डेपोपर्यंत रोज जाते. तिथी पोचू म्हणून फॉरेस्टचा गार्ड हाय, त्याच्यासंग बिड्या फुकत बसते. मी विचारलं, "काय करता तिथी दिवसभर?" म्हणे, "बसतो." घराले आग लागली आन् हा माणूस बसते! मी गंज आपटला. तो उठून पुन्हा डेपोकडं गेला.

२२ जानेवारी



सकाळी सोनीबाई पत्रावळी घेऊन आली. ती जंगलातल्या गावची, गोंडाची बाई, बोलणं कमी. माझी रिकामी सपरी पाह्यली आन् म्हणे, "डेपोत आज लाकडाचा लिलाव हाय बाई. लोक लय आले. ते इथी येत नाईत तं आपुन तिथी जाऊ." इतकं साधं! मी दोन वर्षं स्टँडच्या नावानं बोटं मोडत बसली, आन् हे काही सुचलं नाई. हातगाडी मांगतली, भात, वरण अन् पाटोडीचा रस्सा घेऊन दोघी डेपोच्या फाटकाशी उभ्या राह्यलो.

जेवणं हातोहात गेली. पण सांगाची गोठ ती नाई.

समोर लठ्ठ्यांच्या थप्प्या लागलेल्या. व्यापारी त्यातून फिरून राह्यले होते. एक जण थांबला, बोटाच्या पेरानं लाकूड ठोकलं. टक्, टक्. कान लावला. हसला. दुसऱ्यानंही तेच केलं, तिसऱ्यानंही.

पळी माझ्या हातून रश्श्यात पडली.

एक म्हातारे शेठ जेवून राह्यले होते, त्यायले विचारलं, "शेठजी, ठोकून काय पाह्यता?"

"आवाज ऐकतो बाई. वाळलेलं सागवान खणखणीत वाजते. हे तर ओलं आहे. खरा माल जुन्या घरातला. तीस वर्षं उन्हापावसापासून आडोशाला राहिलेलं सागवान मिळालं ना, तर घराच्या किमतीच्या वर नुसतं लाकूड जाते. आहे का कुठे?"

"नाई कुठी," मी म्हटलं, "भात घ्या अजून."

म्हणजे तो देवमाणूस माझं घर पाहत नव्हता. घर पाडून खाली काय राहीन ते पाहत होता! भाड्यानं राहा म्हणे. काय, फाट्याविना आभाळाखाली? आन् मी त्याले रंगी खाऊ घातली. दोन दोनदा रस्सा वाढला. रुखमा, तुले जोड्यानं मारलं पाह्यजे.

घरी येऊन श्रीहरीले सांगतलं. त्यानं नुसतं "हं" केलं. जसं काही त्याले माहीतच होतं! असा राग आला का सांगू नाई.

२३ जानेवारी

अहेरीले बँकेत गेली. पिठाच्या डब्यामागची सारी पत्रं पदरात घेऊन. मॅनेजर वामनराव, चष्म्यावाले. मले वाटलं ओरडतील. ते उभे राह्यले आन् म्हणाले, "दोन वर्षांत तुमच्या घरातून पहिल्यांदा कोणी आलं. बसा बाई."

मी बसली नाई. म्हटलं, "साहेब, तुमाले माझं घर काऊन पाह्यजे?"

"घर घेऊन मी काय करू? बँकेला पैसे पाहिजेत. तुम्ही बोलतच नाही, तेव्हा लिलाव लागतो." मग त्यायनं सारं समजावलं. पाय मोडला तेव्हाच येऊन सांगतलं असतं तर हप्ते लांबवता आले असते. आताही अर्ज द्या, का धंदा असा बसला होता, असा पुन्हा सुरू केला हाय. थकलेल्यातला मोठा भाग लिलावाच्या दिवसापर्यंत भरा, तर बाकीचे हप्ते नव्यानं बांधून देतो. पण दवंडी झाली हाय, लिलाव आता होणारच. त्या दिवशी कोणी बोली लावली तर त्यायच्या हातात काही राहत नाई, हेही त्यायनं तोंडावर सांगतलं.

तिथंच अर्ज लिहिला. वाचून म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." मी म्हटलं, "रस्सा त्याच्यापेक्षा चांगला असते साहेब."

कशावरही सही घेतली नाई. उलट चहा पाजला.

२५ जानेवारी

गुणवंतराव स्टॅम्पपेपर घेऊन आले. चहा दिला, बिनसाखरेचा. म्हटलं, "घर विकाचं नाई."

"ताई, विचार करा. लिलावात तर मी घेणारच आहे. तेव्हा तुम्हाला राहायलाही मिळणार नाही."

आन् आज पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं पाह्यलं. सभ्यपणा गेला कुठी कोणास ठाऊक.

२ फेब्रुवारी

सासू बोलली! मी भाकरी थापून राह्यली होती, मागून आवाज आला. "हे लाकूड कुठून आलं, मालूम हाय का तुले?"

मी म्हटलं, "जंगलातून, आणखी कुठून."

"निस्ताराचं हाय ते. गावच्या मानसाले घरापुरतं लाकूड जंगलखातं कमी दामात देत होतं. अट एकच. घराले लाव, विकाचं नाई."

माझी भाकरी तव्यावर जळाली. "आन् हे तुम्ही मले आज सांगता?"

"काऊन सांगू? तू मायी रंगी त्या बोक्याले घातली."

मग बसून सारी कथा सांगतली, मी पहिल्यांदा पुरी ऐकली. माझा सासरा गावाची दवंडी देणारा. लोकांच्या हुकमावर डफडं घेऊन उन्हातान्हात फिराचं, आन् रात्री गावाबाहेर झोपडीत. छप्पनच्या साली चांद्याले जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्याबरोबर डफडं खुंटीवर टांगलं आन् म्हणाला, आजपासून या घरातला मानूस दुसऱ्याच्या हुकमानं ओरडनार नाई. मग सडकेवर जागा घेतली, सागाचे खांब उभे केले. म्हातारी म्हणे, "छपरावर कवेलू चढले त्या दिवशी तो रात्रभर सपरीत बसून राह्यला. म्हणे झोपलो तं सपन तुटन."

त्याच दारात मागच्या महिन्यात दवंडी झाली. मी पदर तोंडात कोंबून रडली. मग डोळे पुसून हिशोब केला. निस्ताराचं लाकूड विकता येत नाई, तर त्या बोक्याले माझ्या घराचा फायदा काय? शंभर कवेलू?

१५ फेब्रुवारी

डेपोत रोज गाडी जाते. सोनीबाई अर्ध्या भागात. गिऱ्हाईक आता आमची वाट पाहते. आज एक ड्रायव्हर म्हणे, "बाई, तुमच्या पाटोडीपायी गाडी थांबवली." रात्री पैसे डब्यात टाकते तेव्हा वरचा फाटा हसल्यावानी वाटते.

पण रेंजरच्या ऑफिसात दोनदा जाऊन आली. बाबू म्हणे साहेब दौऱ्यावर. निस्ताराचं लाकूड विकता येते का नाई, कोणी पक्कं सांगत नाई. गुणवंतराव लोकांत म्हणत फिरते का लाकूड गावाबाहेर न्याचा पास काढणं माझ्या डाव्या हातचं काम. तसं असन तर?

श्रीहरी अजून त्या पोचूसंग बिड्याच फुकते. मी बोलणं सोडलं.

२६ फेब्रुवारी

डबा भरला नाई. मोठा भाग म्हणाले होते, तेवढे तरी होते का नाई, वामनरावच जाणे. भेव वाटते. उद्या या खांबाले टेकून कोण बसन, मी का तो, तेच मनात घोळते. सपरी शेणानं सारवली. घर गेलंच तर स्वच्छ जावं.

२७ फेब्रुवारी

लिहिते. हसू येऊन राह्यलं, हात चालत नाई.

सपरीत टेबल लागला. वामनराव, बँकेचा वसुलीवाला साहेब, नथ्थू डफडं घेऊन. सारं गाव अंगणात. गुणवंतराव दोन शेठ घेऊन आले. एक तेच म्हातारे शेठ, डेपोतले! मले पाहून चपापले.

साहेबानं कागद वाचला. बोली सुरू व्हायच्या आधी मी उठली. "साहेब, एक सांगू द्या. हे घर ज्याले घ्याचं त्यानं राह्याले घ्यावं. यातलं लाकूड निस्ताराचं हाय. ते विकता येत नाई, गावाबाहेर जात नाई. मागून कोणी म्हणू नये का बाईनं फसवलं."

गुणवंतराव हसले. "ताई, पास काढायचं माझं मी बघीन."

आन् नशीब पाहा! नेमका त्याच घडीले पोचू गार्ड वर्दी घालून अंगणात आला. म्हणे चहा प्याले आलो. उभ्या उभ्या म्हणाला, "कोनता पास, साहेब? या घराचं लाकूड निस्ताराचं हाय, हे रेंजर साहेबाच्या कानावर गेलं हाय. पास भेटनार नाई. नाक्यावरून एक फाटाही मी जाऊ देनार नाई." मग बसला आन् मले म्हणे, "साखर जास्त टाकजो बाई."

ते म्हातारे शेठ उठले. "गुणवंतराव, हे तुम्ही सांगितलं नव्हतं." दुसऱ्यालेही अचानक बसचा टाईम आठवला. दोघंही चालते झाले.

साहेबानं बोली पुकारली. एक बार. कोणी बोललं नाई. दोन बार. तेवढ्यात सासूची दुसरी कोंबडी टेबलाखालून क्वाँक करत निघाली आन् कोणीतरी ओरडलं, "हिची बोली धरा!" साहेबही हसले. तीन बार. नाई म्हणजे नाई.

गुणवंतरावांनी एक बार वर मयालीकडं पाह्यलं, मग चपला घातल्या.

मी डबा आणून वामनरावापुढं ठेवला. "हे थकलेल्यातले. बाकी तुम्ही बांधून द्या." त्यायनं मोजले, पावती केली, त्या साहेबाशी हळू बोलले आन् म्हणाले, "बोली नाही. कर्जदारानं मोठा भाग भरला. अर्ज मंजुरीला मी स्वतः पाठवतो. बाई, घर तुमचं आहे. आता जेवायला वाढा, वास केव्हाचा येतो आहे."

गुणवंतराव फाटकापाशी गेलेले. मी हाक मारली, "गुणवंतराव! कोंबडीचे पैसे!" सारं गाव पाहून राह्यलं होतं. काढा लागले. सासूनं ते स्वतःच्या हातानं घेतले, कमरेले खोचले.

पोचूनं जाताना श्रीहरीच्या पाठीवर जोरात थाप मारली. दोघं हसले. बिड्यावाले दोस्त, दुसरं काय.

२८ फेब्रुवारी

सकाळी नथ्थू डफडं घेऊन दारात. न बोलावता. म्हणे, "बाई, मी जी दवंडी देल्ली ती गावात अजून फिरून राह्यली. वापस घ्याले पाह्यजे ना?"

मी म्हटलं, "दे ना मग."

"बँकेचा हुकूम नाई. डफडं वाजवीन, पन बिनहुकमाचं बोलाले मले भेव लागते."

सासू खांबाले टेकून बसली होती. ती म्हणे, "म्हातारा म्हणाला होता, दुसऱ्याच्या हुकमानं ओरडाचं नाई. आपल्या हुकमानं ओरडू नका असं नव्हता म्हणाला."

श्रीहरी उठला. कुबडी घेतली. हा माणूस, जो दोन वर्षांत माझ्याशी "हं" आन् "बसतो" यापलीकडं बोलला नाई, तो नथ्थूच्या पुढं चालाले लागला.

मी घागर घेऊन मागं मागं. नळ त्या बाजूले नाई, पण कोण पाहते? बाजारात ओरडला, स्टँडवर ओरडला, डेपोच्या फाटकाशी ओरडला. हमाल लोकांनी हातातलं काम टाकून टाळ्या पिटल्या. घसा बसला तरी थांबला नाई. सगळ्यात शेवटी आमच्या दारापुढं आला. नथ्थूनं डफडं घुमवलं आन् श्रीहरीनं छाती भरून घेतली.

"ऐका हो ऐका! हे घर लिलावात गेलं नाई! जानार नाई! हे घर रुखमाचं हाय!"

माझं नाव! भर सडकेवर, साऱ्या गावापुढं! घागर तिथंच ठेवली, डोळ्याले पदर लावला आन् कसंबसं म्हटलं, "अवो, हळू बोला ना! साऱ्या गावाले ऐकू गेलं."

"जाऊ दे," श्रीहरी म्हणाला, आन् नथ्थूले म्हणे, "वाजव अजून."

आत गेली तर भात खाली लागला होता. आज कोणी काही म्हटलं नाई, सगळे तसाच जेवले.